तात्यांचं औषध ठरत नाही

पाण्याला ताप येतो, हे मला नेरे गावात राहायला आल्यावर कळलं. आमचे घरमालक बाळूतात्या रविवारी दुपारी अंगणात पाण्याचा जग घेऊन बसतात, त्यात थर्मामीटर बुडवतात आणि वर माझ्या खोलीकडे बघून सांगतात, "अजून नऊ डिग्री ताप हाय, सर." मग बर्फाचा एक खडा टाकतात. वीस डिग्रीला आलं की पाणी बरं झालं. या कामासाठी आधी त्यांनी गुरांच्या डॉक्टरांचा थर्मामीटर मागून आणला होता. तो पस्तिसाच्या खाली उतरायला तयार नव्हता, तरी तात्यांनी दोन रविवार त्याच्यावर भरवसा ठेवला. बर्फ टाकून टाकून पाणी गारठलं आणि फिल्मचे दोन्ही रोल काचेसारखे कोरे निघाले.

घरच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुणं हा तात्यांचा नाद. पिरंगुटच्या एका कारखान्यात बोल्ट तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या बाजारातून एक कॅमेरा आणला आणि तपासायला पुन्हा काहीतरी मिळालं. ज्या रसायनात फिल्म बुडवली की चित्र उमटतं, त्याला डेव्हलपर म्हणतात. तात्या मात्र औषधच म्हणतात, कारण नेऱ्यात डेव्हलपर म्हणजे जमीन मागायला येणारा माणूस, आणि तो शब्द या घरात चालत नाही. तात्यांच्या थोरल्या भावाने, आण्णांनी, आपल्या वाट्याचं रस्त्याकडेचं भातखाचर असल्याच एका माणसाला विकलं. तात्यांनी विकू नको म्हणून हात जोडले होते. त्याला अकरा वर्षं झाली. आण्णा समोरच, गल्लीपलीकडे राहतात, पण तेव्हापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, हे कळलं त्या दिवशी मी तात्यांचा सल्लागार झालो. कोणतं औषध चांगलं? पुडीतली पावडर, बाटलीतला तो काढा, ज्याच्या एका भागाला पन्नास भाग पाणी लागतं, की इंटरनेटवर सापडलेलं इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व यांचं मिश्रण? वीस वर्षांत विद्यार्थ्यांनी मला 'हे परीक्षेला येतं का' याखेरीज काही विचारलेलं नव्हतं. मी हुरळून गेलो. सांगितलं, औषध तेवढं बदला, बाकी सगळं तेच ठेवा. जागा तीच, उजेड तोच, समोरची वस्तूही तीच.

चूक झाली ती तिथे, आणि ती माझी.

तात्या आठवडाभर वस्तू शोधत फिरले. म्हैस हलते, झाड हलतं, देवळाला दर वर्षी नवा रंग देतात. मग त्यांना समोरच्या कट्ट्यावर बसलेले आण्णा दिसले. पांढरी टोपी, काळं जाकीट, रोज सकाळी नऊला तिथेच.

"पांढऱ्यात घडी दिसली पायजे, काळ्यात बटन दिसलं पायजे," तात्या मला म्हणाले. "असा नमुना कारखान्यात बी मिळाला नसता. अन ह्यो हलत न्हाई. कुणासाठीच कदी हलला न्हाई."

तेव्हापासून दर रविवारी नऊला तात्या दारात कॅमेरा लावायचे, आण्णा समोर बघत बसायचे, आणि रोल संपला की दोघं आपापल्या घरात जायचे. एका रोलवर छत्तीस फोटो येतात. या दोघांना तो आकडा शोभतोच. दुपारी धुलाई, आणि संध्याकाळी पट्टी खिडकीशी धरून निकाल. कॉफीतले आण्णा मळकट, रिजेक्ट. बाटलीतले आण्णा रवाळ, रिजेक्ट. पावडरीतले बरे, पण "अजून एक बॅच बघू." निगेटिव्हमध्ये आण्णांची टोपी काळीकुट्ट दिसायची. तात्या ती मला दाखवून म्हणायचे, "खरा ह्योच."

विकलेल्या खाचरावर इमारत मजल्यामजल्याने चढू लागली, तसं कट्ट्यावर ऊन उशिरा यायला लागलं. तात्यांनी कॅमेरा साडेनऊला लावला. आण्णांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्या रविवारी तेही साडेनऊलाच आले. टोपीला कडक इस्त्री होती. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

पण कॉफी-सोड्याचा वास एकदा माझ्या खोलीत चढला की चार दिवस उतरत नाही. एका रविवारी माझं डोकं फिरलं. सगळ्या पट्ट्या मी खिडकीत ओळीने लावल्या आणि निकाल दिला, पावडर. घडी दिसते, बटण दिसतं, आणखी काय हवं? तात्या बराच वेळ बघत राहिले. तीस वर्षांत त्यांनी खोटा शेरा मारला नव्हता.

"पास," ते म्हणाले. थर्मामीटर पुसून त्यांनी डबीत ठेवला. "मंग आता रविवारी त्याच्याकडं बघायचं काय कारण ऱ्हायलं, सर?"

औषध ठरावं असं त्यांच्या मनातच नव्हतं, आणि मी शहाण्यासारखा ते ठरवून बसलो होतो. फार वाईट वाटलं मला.

पुढच्या रविवारी तात्यांचं दार बंद होतं. आण्णा साडेनऊला आले आणि बसले. दहा वाजले, अकरा वाजले. मग ते उठले आणि गल्ली ओलांडून आमच्या जिन्यापाशी आले. तात्यांची खिडकी उघडी आहे आणि आत ते बसलेत, हे त्यांना दिसत होतं. तरी ते बोलले जिन्यात उभ्या असलेल्या माझ्याशीच.

"त्यो बरा हाय ना?"

बरे आहेत, मी म्हटलं. औषध ठरलं, म्हणून तपासणी थांबली.

आण्णा म्हणाले, "औषध ठरलं, पर पाण्याचं काय? त्यो टँकरचं पाणी वापरतोय. बाची हीर माज्या दारात हाय. त्या पाण्यात धुऊन बघ म्हणावं. फरक पडंल."

खाचर विकल्यापासून वडिलांच्या त्या विहिरीचं पाणी तात्यांनी तोंडात घेतलं नव्हतं.

आतून तात्या बोलले, तेही मलाच. "सर, पाण्यानं फरक पडतो व्हय?"

"पडतो," मी म्हटलं. "निदान वर्षभर तपासावं लागेल."

फिल्म धुवायला अर्धा लिटर पाणी पुरतं. तात्या दोन्ही हातांत बादल्या घेऊन बाहेर आले.