डावी बाही

टेलरमास्तरांनी जन्मात पहिल्यांदा आपण होऊन सिनेमाची दोन तिकिटं काढली, ती बायकोची भरलेली बॅग दाराशी दिसली म्हणून. उद्या सकाळी ती बहिणीकडे निघणार होती. परत कधी येणार, हे विचारायची मास्तरांची छाती होत नव्हती. सिनेमा नवराबायकोच्या भांडणाचा आहे आणि हसून हसून पोट दुखतं, असं एक गिऱ्हाईक म्हणालं होतं. ती एकदा हसली की निभावलं, एवढीच मास्तरांची आशा.

थिएटर तुडुंब भरलेलं. पडद्यावरच्या नवऱ्याने तोंड उघडलं की शिट्ट्या, बायकोने उत्तर दिलं की टाळ्या. पलीकडचे आजोबा तर खुर्चीतून घसरायचेच बाकी होते. मास्तरांची बायको तेवढी कुणाला तरी पोचवायला आल्यासारखी बसली होती. (मास्तरही हसले नाहीत. पडद्यावरचं ते गाढव त्यांना फारच ओळखीचं वाटत होतं.)

शेवटी पडद्यावरची बायको बॅग घेऊन दारात थांबली. "इतक्या वर्षांत एकदा तरी माझ्याकडे नीट पाहिलंस?"

सगळे चिडीचूप. आणि सवयीने मास्तर मोठ्यांदा बोलून गेले, "डावी बाही नीट बसली नाहीये!"

थिएटर हसून लोटपोट झालं.

"तिची बाही दिसली," बायको हळूच म्हणाली. "आणि माझी?"

मास्तरांनी पाहिलं. तिच्या कोटाची बाही मनगटापासून कोपरापर्यंत उसवलेली, सेफ्टी पिना लावून धरलेली. गेल्या हिवाळ्यात तिने तो दुकानात आणला होता. 'आधी गिऱ्हाइकांचं,' म्हणून यांनीच परत पाठवला होता. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कॉलरमागे खोचलेली दोरा ओवलेली सुई काढली आणि अंधारातच टाके घालायला घेतले. तिने हात काढून घेतला नाही.

दिवे लागले. मास्तर उठले, तसा तिचाही हात वर उठला. तिची बाही त्यांच्या शर्टाच्या बाहीला शिवली गेली होती. आजोबांनी शिट्टी वाजवली.

"अहो, उसवा की!" बायको कुजबुजली.

"कात्री दुकानात राहिली. आणि टाका दुहेरी घातलाय."

ती बघतच राहिली. आधी डोळे भरले, मग अशी हसत सुटली की सिनेमालाही कुणी तसं हसलं नव्हतं.

"मग... उद्याचं जाणं रद्द ना?"

"रद्द कशाला?" ती डोळे पुसत म्हणाली. "ताईला सांगेन, मी नाही आणलं यांना. कोटाला लागून आलेत."