यादी नावाची फाइल

मार्तंडरावांचा फोन आला तो बुधवार अगदी साधा होता. नीळकंठनं दूध तापायला ठेवलं, ते नेहमीप्रमाणे उतू गेलं. ऋचानं नेहमीप्रमाणे ओटा पुसला आणि नेहमीप्रमाणे काही बोलली नाही. नीळकंठची बायको शुभदा गेल्याला वर्ष होत आलं होतं. तेवढ्या काळात बाप-लेकीनं संसाराच्या बाबतीत एवढीच प्रगती केली होती.

"नीळकंठ, मी सोमवारी तुझ्या घरी श्राद्धाला येणार नाही," मार्तंडराव म्हणाले.

मार्तंडराव म्हणजे शुभदाचे मोठे भाऊ, बाभुळगावचे रिटायर हेडमास्तर. तिच्या माहेरचं सख्खं म्हणावं असं हे एकच माणूस उरलं होतं. ऋचाला मामाही हा एकच. ते नसतील तर वर्षश्राद्धाला पान मांडायचं कोणासाठी, असा प्रश्न होता.

"काहून भाऊ? तब्येत बरी नाही का?"

"तब्येत उत्तम आहे. तुझं कार्ड मिळालं."

"मिळालं ना? मग?"

"जे सांगायचं ते तोंडानं सांगायचं होतं. बायकोच्या भावाला कोणी छापील कार्ड पाठवते?"

नीळकंठच्या कानाच्या पाळ्या तापल्या. म्हणजे मानपान! वर्षश्राद्धालासुद्धा दारात येऊन, हात जोडून आमंत्रण पाहिजे!

"भाऊ, छापील कार्ड सगळ्यांनाच पाठवलं आहे."

"सगळ्यांना? गावभर केलं म्हण ना. आणि वर नंबर टाकला. चौदावा."

"नंबर मी टाकत नाही, कॉम्प्युटर टाकतो."

"तुझा कॉम्प्युटर मोठा हुशार आहे. सोमवारी बोलू. पण जिथं बोलावलं आहे तिथंच बोलू."

फोन आपटल्याचा आवाज आला. या शेवटच्या वाक्याचा अर्थ काय, हे नीळकंठनं विचारात घ्यायला हवं होतं. पण संतापलेला माणूस दुसऱ्याचं शेवटचं वाक्य ऐकत नाही. तो आपलं पुढचं जुळवत असतो.

"चौदावा नंबर दिला म्हणून रुसले," तो ऋचाला म्हणाला. "हेडमास्तर होते ना. पहिला पाहिजे होता."

"बाबा, मामा तसे नाहीत."

"मग कसे आहेत? मी सव्वीस वर्षं नोकरी केली, एवढा अपमान ग्रेडरनंसुद्धा केला नाही." (केला होता. दोनदा.)

आता कार्डांचं सांगायला हवं. नीळकंठ यवतमाळच्या एका कापूस खरेदी केंद्रावर बाबू होता; कापसाची प्रत ठरवायचा तो ग्रेडर. ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेले, आणि केंद्राच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग. तीन-तीन दिवस माणसं बैलांशेजारी झोपायची. म्हणून साहेबांनी युक्ती काढली. ज्याची पाळी असेल त्याला आधी पोस्टकार्ड जाईल. कार्डाचा मजकूर छापखान्यातून तयार येई: 'आपला कापूस अमुक तारखेस सकाळी सात वाजता केंद्रावर आणावा. कापूस कोरडा असावा. ओला परत पाठवला जाईल. सोबत सातबारा आणावा.' उरलेल्या बाजूवर पत्ता आणि नंबर तेवढा कॉम्प्युटरनं छापायचा.

हे छापण्याचं काम करणारी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीनं लिहून दिलेले हुकूम, नीळकंठनं स्वतः लिहिली होती. नागपूरला सहा दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं. त्याची दोनशे पानी वही त्यानं कव्हर घालून जपली होती. स्क्रिप्ट आधी त्या दिवशीचे पत्ते निवडून एका तात्पुरत्या फाइलीत लिहायची. मग 'कार्ड लावा आणि एंटर दाबा' म्हणून थांबायची. एंटर दाबलं की फाइल उघडून पत्ते छापायची. ती फाइल टेम्प नावाच्या सगळ्यांच्या फोल्डरमध्ये बनायची आणि तिचं नाव होतं 'यादी'. कारण ती यादी होती.

या नावावर केंद्रातली दुसरी ऑपरेटर शगुफ्ता हिनं दिवाळीआधीच बोट ठेवलं होतं. शगुफ्ता कंत्राटी होती, पण कॉम्प्युटर तिला कळायचा. सासरे हाफिजमियाँ ट्रॅक्टरचे मेकॅनिक. त्यामुळे बिघाड होण्याआधी आवाजावरून ओळखायची सवय बहुधा घरातूनच लागली असावी.

"बाबूजी, फाइलीले असं बांधलेलं नाव नका देऊ. मी अन् तुम्ही एकाच टायमाले चालवलं तर माहे नावं तुमच्यावर चढतीन. एमकेटेम्प म्हणून हुकूम हाये. तो दरवेळी नवं नाव काढते, जे कोणाचंच नाही. अन् त्याच दमात फाइल बनवून देते, दुसऱ्याले हात लावू देत नाही."

"काय नाव देतो तो?"

तिनं करून दाखवलं. पडद्यावर 'टेम्प डॉट एक्स-के-थ्री-एफ-नाइन-क्यू' असं काहीतरी उमटलं.

"हे नाव आहे?" नीळकंठ म्हणाला. "उद्या साहेबांनी विचारलं यादी कुठं आहे, तर मी हे सांगू?"

"साहेब कायले विचारतीन? काम झालं की ती फाइल आपोआप पुसाची असते. तेही एका ओळीत होते."

"पुसायची?" नीळकंठला हे ऐकवेना. सरकारी माणूस कागद बदली झाल्यावरसुद्धा पुसत नाही. "हे बघा मॅडम, या ऑफिसात यादीला यादीच म्हणतात."

आणि मग शुभदाचं वर्षश्राद्ध आलं. भोजनाच्या आमंत्रणाची साधी कार्डं त्यानं छापून घेतली. पत्ते हातानं लिहायचे होते. पन्नास पत्ते. त्यातले निम्मे शुभदाच्या वळणदार अक्षरातल्या वहीत होते, आणि ती वही समोर ठेवून लिहीत बसायचं त्याला नको वाटलं. म्हणून त्यानं ऑफिसच्या स्क्रिप्टची नक्कल केली, तिला ऋचानं वहीतून उतरवून दिलेले नातेवाइकांचे पत्ते जोडले आणि संध्याकाळी साहेब गेल्यावर चालवली. सगळं बदललं. फाइलीचं नाव बदलायचं कारणच नव्हतं. तीही यादीच होती.

सोमवारी सकाळी नऊ वाजता गुरुजी आले, आणि साडेनऊला गल्लीच्या तोंडाशी पहिली बैलगाडी अडकली.

गाडीत खच्चून कापूस होता. वर बसलेले होते आर्णीकडच्या तांड्यावरचे धरमसिंग, डोक्याला स्वच्छ फेटा आणि हातात कार्ड.

"रामराम बाबू. उशीर तं नाही झाला?"

"धरमसिंग, तुमचा कापूस केंद्रावर न्यायचा. घरी कायले आणला?"

"तुमचं कार्ड आलं नं. जेवाले बलावलं." त्यांनी कार्ड पुढं केलं. वर पत्ता धरमसिंगचा, मजकूर शुभदाच्या श्राद्धाचा. "मी म्हटलं, बाबू घरी जेवाले बलावून राह्यला म्हणजे नंबर लागला. कापूस घेऊनच निंगालो. मांगं अजून सोळा गाड्या हायेत."

सोळा गाड्या खरंच होत्या. दोन ट्रॅक्टर त्यांच्या मागं. शेजारच्या इंदूबाईंनी गॅलरीतून खाली पाहून विचारलं, "नीळकंठराव, घरीच केंद्र उघडलं का? आमच्या गाद्या भरायच्या आहेत."

नीळकंठच्या अंगाचा तिळपापड झाला. कोणीतरी चेष्टा केली होती. श्राद्धाच्या दिवशी! तो दारात उभा राहून कंत्राटी पद्धतीवर, पोस्टखात्यावर आणि एकंदर देशावर बोलू लागला. गुरुजी आतून म्हणाले, "यजमान, आधी संकल्प."

तेवढ्यात रिक्षातून वच्छलाबाई उतरल्या. या शुभदाच्या आत्या, मुकुटबनच्या. पंचाहत्तरी पार केलेल्या, आणि त्यांच्यासोबत पोतंभर कापूस.

"हे काय आत्याबाई?"

"तूच तं लिहिलं, कापूस कोरडा आण म्हणून. मी म्हटलं वातीले पाहिजे असंल. घरचा हाये, चार दिवस उन्हात घातला." त्यांनी कमरेची पिशवी चाचपली. "पण ओला असंल तर परत पाठवीन, असं आत्याले कोणी लिहिते का रे? अन् सातबारा कायले पाहिजे? माह्या नावावर तं नुसती एक चिंच हाये."

नीळकंठनं त्यांच्या हातातलं कार्ड घेतलं. मग धरमसिंगांचं घेतलं. दोन्ही शेजारी धरून पाहिली. आणि बुधवारचा फोन पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत त्याच्या कानात पुन्हा वाजला.

सातबारा. बहिणीला वर्ष व्हायच्या आत मेहुण्यानं छापील कार्ड पाठवून मार्तंडरावांकडं सातबारा मागितला होता. बाभुळगावच्या वडिलोपार्जित शेतावर वारस म्हणून शुभदाचंही नाव होतं.

"बाबा," ऋचा म्हणाली, "मामाला वाटलं असेल तुम्ही आईचा हिस्सा मागताय."

"मला कळलं," नीळकंठ म्हणाला. त्याच्या आवाजातला संताप पहिल्यांदाच कुठं ठेवावा ते त्याला समजेना.

अकरा वाजता शगुफ्ता स्कूटीवरून आली. नवरा नौशाद मागं बसला होता, कारण गल्लीत गाड्यांतून वाट काढायला दोन माणसं लागत होती.

"बाबूजी, यार्डात कुत्रं नाही. ग्रेडर बोंबलून राह्यला." मग तिला गाड्या दिसल्या आणि ती थांबली. तिनं कार्डं पाहिली. "कोणत्या दिवशी चालवलं तुम्ही?"

"परवाच्या नाही, त्याआधीच्या शुक्रवारी. पाच वाजता."

"मीबी पाचलेच चालवलं."

"पण माझी यादी बरोबर होती," नीळकंठनं शेवटचा किल्ला लढवला. "किती पानं मांडायची ते ऋचाला कळावं म्हणून मी नंतर एक प्रत काढली. सगळे नातेवाईक होते."

"दोनदा चालवलं?" शगुफ्तानं कपाळाला हात लावला. "मंग ऐका. तुम्ही पह्यल्यांदा चालवलं, पावणे फाइलीत बसले. तुम्ही कार्डं आणाले उठले. तेवढ्यात मी चालवलं, पावण्याईवर शेतकरी बसले. तुम्ही येऊन एंटर दाबलं, तुमच्या कार्डावर शेतकरी छापले. मंग प्रत काढाले पुन्हा चालवलं, शेतकऱ्याईवर पावणे बसले. अन् मी एंटर दाबलं."

नीळकंठनं बोटांवर दोन्ही एंटर मोजले.

"बाबूजी, यार्डात एका गंजीच्या जाग्यावर दोन गाड्या खाली करू देता का तुम्ही?"

प्रश्न वर्मी लागला. तीच गोष्ट नीळकंठ सव्वीस वर्षं रोज ओरडून सांगत आला होता. एकाचा कापूस दुसऱ्याच्या गंजीवर पडला की भांडण देवालाही सुटत नाही.

"अन् एक सांगाचं राह्यलं," शगुफ्ता म्हणाली. "सकाळी सातपासून एक मास्तर येऊन बसले केंद्रावर. कापूस नाही, सातबारा हाये. म्हंते, चौदा नंबर माहा, नीळकंठले बलवा. चहाबी घेत नाही."

मग काय झालं ते थोडक्यात सांगतो. पन्नास पानांचा स्वयंपाक होता. पाहुणे आले चार, शेतकरी जेवले सत्तेचाळीस. वच्छलाबाईंनी स्वतः वाढलं. एरवी अनोळखी माणसाच्या हातचं पाणी न पिणाऱ्या बाई त्या दिवशी धरमसिंगांना आग्रह करत होत्या. "बाई कशी होती?" धरमसिंगांनी जेवता जेवता विचारलं. ऋचानं सांगितलं, आणि सांगता सांगता बरंच सांगितलं. वर्षभरात घरात एवढं कोणी बोललं नव्हतं. नीळकंठ खांबाशी उभा राहून ऐकत होता. ताक वाढायचं भांडं त्याच्या हातातच राहिलं.

दोन वाजता सतरा गाड्या आणि दोन ट्रॅक्टर केंद्राकडं निघाले. सर्वांच्या पुढं, सोवळ्याचं धोतर न बदलता, नीळकंठ. ग्रेडर म्हणाला पाळी गेली, उद्या या. नीळकंठचा सकाळपासून जागा शोधत असलेला संताप एकदम जागेवर आला. काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही, पण काटा सुरू झाला.

मार्तंडराव कडुनिंबाखालच्या बाकावर ताठ बसले होते. मांडीवर फाइल.

"भाऊ, ते कार्ड चुकून गेलं. दोन याद्यांचं नाव एकच होतं."

"काय नाव?"

"यादी."

मार्तंडरावांनी त्याच्याकडं नापास मुलाकडं पाहावं तसं पाहिलं. "माझ्या वर्गात तीन प्रकाश होते. मी कधी 'प्रकाश, उभा राहा' म्हटलं नाही." मग त्यांनी फाइल उघडून सातबारा त्याच्यासमोर धरला. "बघ. शुभदाचं नाव आहे. तलाठी दोनदा म्हणाला, कमी करू का. मी म्हटलं, राहू दे. हेच दाखवायला सात वाजता आलो होतो."

नीळकंठनं नाव वाचलं. तलाठ्यानं शुभदाला ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा न करता लिहिलं होतं.

"जेवलात का?" त्यानं विचारलं.

"श्राद्ध बहिणीचं आहे. न जेवता कसा जाईन?"

ऋचानं मामाचं पान झाकून ठेवलं होतं.

मंगळवारी ऑफिसात जाताच नीळकंठनं वही काढली, मशीन सुरू केलं आणि फाइलीचं नाव बदलून 'यादी दोन' केलं. छाती काढून शगुफ्ताला बोलावलं. तिनं दोन्ही स्क्रिप्ट उघडून पाहिल्या.

"बाबूजी," ती म्हणाली, "दोन्ही स्क्रिप्टमधी 'यादी दोन' केलं."

त्यावर तो चिडला, आणि तो दिवस तसाच गेला. मग हंगामाची गर्दी आली. एमकेटेम्पची ओळ अजून घालायची राहिली आहे. 'भाऊ, चुकलं' असं मार्तंडरावांना म्हणायचंही राहिलं आहे.