गाडा मागे, ओळ खाली

कागदावर वर माझ्या नवऱ्याचं नाव होतं, पुण्याचं नाव होतं, आणि खाली नुसते आकडे. मधेमधे अर्धे चंद्र, टिंबं, एक प्रश्नचिन्ह. माझी लेक शांता पुण्याच्या दवाखान्यात होती, पोट कापून मूल काढायचं होतं. तिचं काय झालं ते त्या आकड्यांत होतं. तारघरातला कारकून म्हणाला, "लाईन तुटली, बाई. परत मागवू. उद्या या."

मी बाकावरून उठले नाही. आतून आमच्या चाळीतले नरसय्या आले. त्यांनी कागद घेतला, टेबलावर दहा बोटं ठेवली आणि रिकाम्या लाकडावर टाइप करायला लागले.

तो माणूसच तसा होता.

नरसय्या तारघरात टेलिप्रिंटर चालवायचे. टाइपरायटरसारखं यंत्र, इथं बटण दाबलं की पुण्याला अक्षर उमटायचं. घर तेलुगू विणकराचं, भाऊ सगळे मागावर. यांची बोटं या यंत्राला लागली ती सुटलीच नाहीत. ताट, मांडी, बसची दांडी, कशावरही टकटक. माझा नवरा म्हणायचा, "ह्यो तिरडीवर बी टाइप करंल."

तार आधी कागदी पट्टीवर भोकांनी उमटायची. चुकीचं भोक बुजवता येत नाही. म्हणून पट्टी एक घर मागे घ्यायची आणि तिथं पाचही भोकं पाडायची. पाच भोकं दिसली की पलीकडचं यंत्र ते अक्षर गिळून टाकतं. चौथी शिकलेल्या बाईला याचा काय उपयोग, पण मला हे त्यांनी शंभरदा सांगितलं. वागायचेही तसेच. एकदा माझ्या दारात उभं राहून आमटी चाखली आणि खारट म्हणाले. मग माझं तोंड बघितलं, एक पाऊल मागे सरकले आणि पाची बोटं भिंतीला टेकवली. "खोडलं, अक्का. झकास झालीय." ते मागचं पाऊल माझ्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पडलं. त्या काही खोडता आल्या नाहीत.

नळावर माझं आणि शेजारणीचं रोज वाजायचं. एकदा ते बादली घेऊन मधे उभे राहिले. "ओळ संपली की दोन बटणं असतात, एक छापणारा गाडा ओळीच्या सुरुवातीला न्यायचं, एक खालच्या ओळीवर जायचं. गाडा मागे, ओळ खाली. तुमी दोघी गाडा तेवढा मागे घेता, ओळ खाली करत न्हाय. मग कालच्या भांडणावर आजचं छापलं जातं. वाचायचं कुणी?" शेजारीण हसली. मला राग आला, पण त्या दिवशी पाणी लवकर भरून झालं.

तर ते लाकडावर टाइप करत होते.

"काय करताय, नरसय्या?"

"एकेका बटणावर अक्षर बी असतं, आकडा बी. आकड्यांचं बटण दाबलं की फुडं सगळे आकडे, अक्षरांचं दाबलं की अक्षरं. ते अक्षरांचं वाटेत गळालंय, म्हणून सगळं आकड्यांत आलं. पण बोटं तीच, घरं तीच. दोनच्या घरात कोण राहतं ते मला ठाऊक हाय."

बोटं चालत होती, ओठ हलत होते. "शांता," ते म्हणाले. मग "ऑपरेशन." मग गप्प.

"फुडं?"

"अर्धी तार सांगायची न्हाय."

"आग लागो तुमच्या नियमाला. पोर माझी हाय."

"लागू दे. गप बसा, अक्का."

इतक्या वर्षांत ते मला असं बोलले नव्हते. शेवटाला आले आणि कुठं तरी चुकले. एक पाऊल मागे, पाची बोटं टेबलावर, आणि परत पहिल्यापासून. मी पदर तोंडात धरला होता.

"शांताचं ऑपरेशन झालं. मुलगी. दोघी बऱ्या."

मी पदर सोडला. पाणी प्याले. मग विचारलं, "मुलगी झाली हे तुमाला आधीच कळलं हुतं की. मला का जाळलंत?"

त्यांनी कागदाची घडी केली आणि सांगितलं. सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको बाळंतपणाला वारंगळला माहेरी गेली होती. तार त्यांच्याच यंत्रावर आली. मुलगी झाली, एवढं उमटलं आणि ते उठले. सगळ्यांना सांगितलं, चहा मागवला. यंत्र मागं चालूच होतं.

"सगळ्यांच्या हातात कप होते," ते म्हणाले, "तवा मी दुसरी ओळ वाचली. बायको गेली हुती."

त्यांची बोटं टेबलावर होती. हलत नव्हती.

चार वर्षं शेजारी राहून मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी त्यांना एकटाच जीव समजत होते.

"आन् पोर?"

"मावशीकडं हाय. वारंगळला."

"हिकडं आणा की."

"मी दिवसभर हितं. तिला मराठी येत न्हाय."

"मला तेलुगू कुटं येतंय? जेवायला बोलावलेलं कुणालाबी कळतं."

त्यांनी घडी केलेला कागद माझ्या हातात दिला. दिवाळीच्या आधी पोर आली, पत्र्याची पेटी घेऊन. आमच्याकडं जेवली, नळावर भांडायला शिकली, आणि राहिली.

त्या दोन बाळंतपणांतून तिघी वाचल्या. माझी शांता, शांताची मुलगी आणि नरसय्यांची मुलगी.