डिकॉक्शनवरील आयातशुल्क

कुंभकोणमच्या एका गल्लीत दोन महासत्ता भिंतीला भिंत लावून राहत होत्या. रोज सकाळी गोपालकृष्णरावांच्या घरून सांबार जानकीरामरावांकडे जाई आणि त्याच पातेल्यात पेला ठेवून तिकडून कॉफीचं डिकॉक्शन, म्हणजे घट्ट काळा अर्क, येई. गोपालकृष्णरावांच्या पत्नी मीनाक्षीबाईंसारखं सांबार जानकीरामरावांच्या पत्नी गोमतीअक्कांना साधत नसे, अक्कांसारखं डिकॉक्शन मीनाक्षीबाईंना. भांडं रिकामं परत धाडायचं नाही, एवढ्या एका रीतीवर हा व्यापार सुरळीत चालला होता.

मग गोपालकृष्णरावांनी टीव्हीवर दोन बड्या देशांचं व्यापारयुद्ध पाहिलं. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने असलं काही पाहू नये. आपलं पातेलं मोठं जातं, त्यांचा पेला छोटा येतो, अर्थात शेजारी आपल्याला लुटतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी भिंतीशी खुर्ची टाकून जकातनाका उघडला. येणारं निम्मं डिकॉक्शन शुल्क म्हणून जप्त होऊन नियमानुसार मोरीत ओतलं जाऊ लागलं.

"अहो, हे शुल्क भरतं कोण?" मीनाक्षीबाईंनी विचारलं.

"ते लोक."

"मग पेला आमचा कसा अर्धा झाला?"

प्रश्न राष्ट्रहिताविरुद्ध असल्याने अनुत्तरित ठेवण्यात आला.

जानकीरामरावांनी प्रत्युत्तरादाखल सांबाराची गुणवत्ता तपासणी सुरू केली. शेवग्याची एकेक शेंग उन्हात धरून पाहिली जाई. तोवर सांबार आंबून जाई. वरच्या मजल्यावरचे सतीशकुमार मदतीला धावले. दोन्ही माल 'वरच्या मजल्याचं उत्पादन' म्हणून शुल्क-तपासणी चुकवून त्यांच्या जिन्यावरून येऊ लागले. वाटेत मालात पाणी वाढे आणि सतीशकुमारांचं पोट. शेवटी आयात सरसकट बंद झाली.

कॉफीवाचून गोपालकृष्णरावांचं डोकं फुटायची वेळ आली. त्यांना हवा होता फक्त अक्कांचा तो एक पेला.

"अय्यो, पोदुम्! पुरे झालं! मी जाऊन मागून आणतें," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

"खबरदार! आम्ही स्वयंपूर्ण अहों."

त्यांनी स्वतःच डिकॉक्शन काढलं. पलीकडे जानकीरामरावांनी सांबार रांधलं. संध्याकाळी दोघे भिंतीशी भेटले.

"आमची कॉफी अप्रतिम झाली," गोपालकृष्णराव म्हणाले.

"आमचं सांबार तर विचारूच नका," जानकीरामराव म्हणाले.

दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. गल्लीने दोघांनाही विजयाचे हार घातले.

हसताय काय? बातम्या बघून 'त्यांचा माल बंदच केला पाहिजे' असं परवा तुम्हीच गरजलात ना? मग या पुढे. गोपालकृष्णरावांनी किटलीभर कॉफी केली आहे. नाक दाबा आणि देशासाठी एक घोट घ्या.