चंद्रकलामावशी आणि झिजलेले अंगठे

आमच्या बँकेच्या नव्या मॅनेजरसाहेबांनी नमस्काराला हात जोडायच्या आतच चंद्रकलामावशीनं त्यांचा अंगठा धरला. उजेडात उलटापालटा करून बघितला आणि म्हणाली, "लई कोरडा हाय. साहेब, येळेवर जेवत जा."

मावशी मुरुडला आमची बँकमित्र. घराच्या ओट्यावर मशीन घेऊन बसते. बायांनी अंगठा लावला की पैसे भरून घेते, काढून देते. खुरपून खुरपून झिजलेले अंगठे मशीनला पटत नाहीत. मग ती ते ओल्या फडक्यानं पुसते, खोबरेल चोळते, फुंकर घालते. गावातल्या मजूर बायांची खाती तिनंच उघडली. शाखेत आम्ही त्या खात्यांना 'चिल्लर' म्हणायचो.

एका सोमवारी मोबाइलवर अफवा फिरली, बँक बुडणार. दहाच्या आत रांग रस्त्यावर गेली. आडतवाले, पेन्शनवाले, हेडमास्तर, आणि सगळ्यात पुढं माझे सासरे.

"जावईबापू, समदे द्या," ते खाली बघत म्हणाले.

साहेबांचा चेहरा उतरला. "आता त्या बाया आल्या तर तिजोरी रिकामी. जा, मावशीकडं बघून या."

ओटा बायांनी गच्च भरलेला. मावशी एकीचा अंगठा पुसत होती.

"काढायचे का? तुझे पैशे हायत. मी न्हाई म्हणणार न्हाई."

"आधी हायत का बग."

मशीनवरचा आकडा मावशीनं वाचून दाखवला.

"मग ऱ्हाऊ दे," म्हणत ती बाई पदर खोचून कामावर गेली. दुसरी तशीच, तिसरीही. दुपारपर्यंत मी तिथंच खिळून होतो. दोघी-तिघींनी काढले, ते दवाखान्यासाठी. एकीनं तर उलट पन्नास रुपये भरले.

चार दिवसांत अफवा विरली. सासरेही गुपचूप पैसे परत भरून गेले. मग एका संध्याकाळी पेढे घेऊन मी मावशीकडं गेलो.

"मावशी, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की. डोळ्याला डोळा न्हाई लागला." तिनं मशीन फडक्यानं पुसून ठेवलं. "बँक बुडली असती तर तुमची बदली झाली असती, साहेब. मला नवऱ्यानं टाकून वीस वर्सं झाली. सणासुदीला ह्याच बाया घरी जेवाया हाक मारत्यात. मंग मी कुणाच्या दारात गेले असते?"