साळूबाईचा तरवड

एका जंगलात, बाळांनो, पाऊस घाईतल्या पाहुण्यासारखा यायचा. टेकायचासुद्धा नाही, उंबऱ्यातूनच निघून जायचा.

तिथली झाडं मात्र समजूतदार होती. तरवड, बोराटी, करवंद. कुणी त्यांना तांब्याभर पाणी घातलं नाही आणि त्यांनी कधी मागितलं नाही.

अशाच एका तरवडाआड साळूबाई साळिंदरिणीचं बीळ होतं. बीळ तिच्या आईचं. तरवडानं तोंड झाकलेलं असल्यामुळे ती दोन पिल्लांना आत ठेवून निर्धास्त चरायला जायची. धाकट्याचे दात शिवशिवले की तो तरवडाचं खोड कुरतडायचा. तरवड बिचारा तरीही फुलायचा.

मग सिंहमहाराज दौरा करून आले. राजा म्हटला की दौरे आलेच. दूरच्या जंगलात त्यांनी लॉन पाहिलं. हिरवंगार, मऊ, आणि त्यावर काहीही न करता पसरलेले सिंह. महाराजांना ते फारच पटलं.

दवंडी पिटली गेली. "प्रत्येक अंगणात लॉन हवं! नसेल त्याचं बीळ सरकारजमा!"

शेजारची घोरपडवहिनी लगोलग आली. "अगं बाई, हा तरवड अजून आहेच का?"

"छान फुलतो हो, वहिनी. पाणीसुद्धा लागत नाही."

"तेच तर! लोक म्हणतील, हिला पाणी घालायची ऐपत नाही."

साळूबाई रडली. पण बीळ गेलं तर पिल्लांना घेऊन जायचं कुठं? तिनं तरवड मातीच्या गड्ड्यासकट उपटला आणि उकिरड्यावर टाकला. कोल्हेसाहेब तिथून सहज चालले होते. कोल्हेसाहेब नेहमी सहजच चाललेले असतात.

मग साळूबाई ओढ्यावरून तोंडात पाणी भरून आणू लागली. लॉन घटाघटा प्यायचं आणि दुपारपर्यंत पिवळं पडायचं.

"आई, आम्हालाही दे ना पाणी."

"थांबा रे, आधी लॉन."

हसताय काय? तुमच्या सोसायटीत काय चाललंय ते एकदा बघून या.

सगळ्यांच्या लॉनपायी ओढा आटला. महाराज काळजीत पडले, म्हणून पुन्हा दौऱ्यावर गेले. तिथं एका विद्वान जिराफानं सांगितलं, "कोरड्या मुलखात तिथलीच देशी झाडं लावावीत." महाराज थक्क झाले. केवढी नवी कल्पना!

पुन्हा दवंडी. "अंगणात देशी झाड हवं! लॉन दिसलं तर बीळ सरकारजमा!"

साळूबाई धावत उकिरड्यावर गेली. उकिरडा लख्ख. पलीकडे पाटी झळकत होती, 'कोल्हे देशी नर्सरी'. पुढेच एका कुंडीत तरवड होता आणि त्याच्या खोडावर बारीक दातांच्या खुणा होत्या.

"अहो, हा माझा तरवड!"

"तुमचा?" कोल्हेसाहेब हळहळले. "तुम्ही तर फेकून दिलात. आम्ही संवर्धन केलं. आता दुर्मीळ आहे हो. पाठीवरचे सगळे काटे द्या आणि घेऊन जा."

काय करणार? दिले. कोल्हेसाहेबांनी लगेच त्या काट्यांचं नर्सरीला कुंपण केलं.

तरवड जुन्या जागी आला आणि पिवळाधमक फुलला. महाराज पाहणीला आले.

"वा! अस्सल देशी!" मग त्यांची नजर साळूबाईच्या गुळगुळीत पाठीवर गेली. "आणि ही कोण?"

"मी साळिंदर, महाराज. याच बिळात जन्मले."

"साळिंदराला काटे असतात. तुझे कुठायत?"

"या तरवडापायी दिले, महाराज."

"काहीतरीच! झाडासाठी कुणी काटे देतं का? ही कुठून तरी बाहेरून आलेली दिसते."

कोल्हेसाहेब आकाशाकडे बघत होते. घोरपडवहिनी हळूच म्हणाली, "मला मेलीला आधीपासूनच संशय होता."

बीळ सरकारजमा झालं. तिथं आता कोल्हेसाहेब देशी बागकामाचे वर्ग घेतात. साळूबाई पिल्लांना घेऊन भर उन्हात उघड्या माळावर निघाली. धाकट्याचे दात शिवशिवत होते आणि कुरतडायला साधी काडी नव्हती.

तात्पर्य: बाळांनो, अंगणातल्या झाडावर खरं प्रेम असेल तर आधी ते उपटून फेका. त्याशिवाय त्याचं संवर्धन कसं होणार? आणि झाड परत मिळालं, तर तुम्ही तेवढे त्याच्या जवळपास दिसू नका.