एका घरात चार खापरं

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी मथुराबाईंच्या दारात एकापाठोपाठ एक चार बायका येऊन उभ्या राहिल्या, आणि चौघींनीही मांडे भाजायचं आपापलं खापर आणलं होतं. मथुराबाईंची सून स्नेहल ती खापरं पुन्हा पुन्हा मोजत राहिली.

चार महिन्यांपूर्वी सासूबाईंना मेंदूचा झटका आला होता. हातपाय सावरले, पण तासभर काम केलं की अंगातलं बळ सरे, आणि झोपून उठलं की आधीचं डोक्यातून पुसलं जाई. म्हणून त्यांच्या मुलाने, योगेंद्रने, त्यांना स्वयंपाकघर बंद केलं होतं. पण आखाजीला लेक माहेरी येणार, पुरणाचे मांडे मीच करणार, असा बाईंनी हट्टच धरला. शेवटी योगेंद्रने अट घातली, की घोळ झाला तर पुन्हा चुलीकडे फिरकायचं नाही. स्नेहल बिचारी जामीन राहिली.

मांडा काही एकटीचं काम नाही. एकीने तो हातांवर ताणायचा, दुसरीने उपड्या खापरावर भाजायचा. सोबतीला सासूबाईंनी शेजारच्या कोकिळाबाईंना बोलावलं, दुपारी झोपल्या, उठल्या, आणि बोलवायचं राहिलंच असं वाटून निंबाच्या आईला सांगून आल्या. असं चार दिवस चाललं असणार.

आता त्यांच्या शनवारा भागातली प्रत्येक बाई मांड्यात स्वतःला पहिली समजते. अंगणात चार चुली पेटल्या आणि चढाओढीत मांडे असे पातळ होऊ लागले की आतलं पुरण बाहेरून दिसावं. सगळी गल्ली जमली. लेक तृप्ती रिक्षातून उतरली ती थेट ताटावर बसली. सासूबाईंनी दोन मांडे झोकात ताणले, आणि आत जाऊन गाढ झोपल्या.

त्या उठल्या तेव्हा योगेंद्र समोरच उभा. "आई, सोबतीले एकली पुरली असती. चौघी कायले बोलावल्या?"



"एकलीले बोलावलं असतं, तं मले दिवसभर उभं राहावं लागलं असतं," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरनं आराम सांगितला ना?"

योगेंद्रने मांड्यांचं ताट पुढे ओढलं. चूल पुन्हा आईची झाली. स्नेहलला तर फुगडी घालावीशी वाटली.

संध्याकाळी चौघी खापरं आवरून निघाल्या, तेव्हा सासूबाई आणखी एक डुलकी काढून बाहेर आल्या. स्नेहलच्या कानाशी लागून म्हणाल्या, "सूनबाई, आखाजी तोंडावर आली. कोकिळाले मांड्याचं सांगून ये बरं."

योगेंद्र पलीकडे सहावा मांडा खात होता. स्नेहलने सासूबाईंचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "सांगितलं, आई. कोकिळाबाई आणखी तिघींना घेऊन येणार आहेत."